जाळावर नाही, निखाऱ्यावर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोन करून विचारलं, "तू कशावर बोलणार?" त्यांच्याकडे यादी तयार होती. एक जण ठिबक सिंचनावर बोलणार, एक स्पर्धा परीक्षांवर, आपले डॉक्टर मधुमेहावर. मी म्हटलं, "बाबा, मला तीस वर्षांत एकच गोष्ट नीट आली. मांस भाजणं." फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "आरं, आपण नारायणगडाच्या पायथ्याला जमतोय. वर नगद नारायण बसलाय. पंगतीला पिठलं-भाकरी आहे. आन् तू मटणावर बोलणार?"

त्याचं चूक नव्हतं. या गडाला धाकटी पंढरी म्हणतात. ज्यांना आषाढीला पंढरपूर गाठता येत नाही ते इथं माथा टेकवतात. आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या गळ्यात आता माळ आहे. शाळेत असताना कुणाकुणाच्या डब्यात काय असायचं ते मी आज सांगत नाही. तर मी सरांना फोन केला. सर माझ्या जन्माआधीपासूनचे माळकरी. सर म्हणाले, "बोलण्यानं विटाळ होत नाही. काय शिकलास ते सांग. इथं शिजवू नकोस म्हणजे झालं." सरांच्या परवानगीनं बोलतोय. ज्यांना नको वाटेल त्यांनी हुरड्यापुरतं ऐकावं आणि मग बाहेर उन्हात बसावं.

कारण सुरुवात हुरड्यापासूनच करायची आहे. भाजण्याची सगळी विद्या हुरड्यात आहे. पौषात आपण शाळा बुडवून कुणाच्याही शेतात जायचो. खड्डा खणायचा, गोवऱ्या पेटवायच्या. आणि मग नवशिका पोरगा काय करायचा? जाळ दिसला की कणसं त्यात खुपसायचा. वरून काळी, आतून कच्ची. राखणीचा म्हातारा ओरडायचा, "जाळ जाऊ दे रं, इस्तू पडू दे!" जाळ खाली बसला, गोवरीवर पांढरी राख धरली, आतून लाल झाली की मग गुळभेंडीची कणसं आर्चायची, फिरवायची, हातावर चोळायची. दाणा हिरवा, मऊ, आणि वरून नुसता धुराचा वास.

मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात १९९६ साली मला पहिल्यांदा ग्रिलवर उभं केलं, तेव्हा तिथला शेफ इंग्रजीत जे ओरडला ते त्या म्हाताऱ्याचंच वाक्य होतं. मला हसू आलं. त्याला वाटलं मी उद्धट आहे. आठ दिवस पुन्हा कांदे सोलायला बसवलं.

तिथवर मी कसा पोचलो ते थोडक्यात सांगतो. बारावी नापास, पुण्यात भांडी घासली, तिथून मुंबई, तिथून दुबई, सतरा वर्षं. आता पुण्यात एका संस्थेत पोरांना स्वयंपाक शिकवतो. यापेक्षा त्यात सांगण्यासारखं काही नाही.

'स्टेक' म्हणजे काय, हे मला इथं दहा जणांनी विचारलं. हाड काढलेला किंवा हाडासकटचा मांसाचा जाड, सलग तुकडा; मसाल्यात न बुडवता, रश्शात न शिजवता, नुसता मीठ लावून भाजलेला. परदेशात तो गाई-बैलाचा असतो. आपल्याकडे गाईला कायदा १९७६ चा, आणि २०१५ पासून बैल-वळूही त्यात आले. त्यामुळे मी घरी करतो, शिकवतो, तो बोकडाचा. आणि त्यासाठी आपल्याला कुठं लांब जायचं नाही. उस्मानाबादी शेळी, काळीभोर, लांब कानांची, जुळी देणारी, ही या भागाचीच. धाराशिव, लातूर, बीड हा तिचा मुलूख. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळीचं अजून उस्मानाबादीच आहे.

आता करायचं कसं ते. मी मास्तर झालोय, त्यामुळे थोडं सविस्तर होईल.

पहिली अडचण खाटकाच्या दुकानात येते. आपला खाटीक सत्तूर उचलतो आणि बोलता बोलता सगळ्याचे सुपारीएवढे तुकडे करतो, कारण आपल्याला रस्सा करायचा असतो. त्याला थांबवावं लागतं. पाठीच्या कण्यालगतचे चाप सांगायचे, दोन बोटं जाड, सलग. बोकड वर्षाच्या आतलं. मोठ्या बोकडाला रश्शात चव आहे, पण निखाऱ्यावर ते चामडं होतं. आणि एक गोष्ट कुणी मानत नाही: ताजं म्हणजे मऊ नव्हे. कापल्यावर काही तासांत मांस ताठरतं आणि मग हळूहळू सैल पडतं. सकाळी कापलेलं दुपारी रश्शात दोन तास रटरटत असेल तर काही बिघडत नाही. भाजायचं असेल तर ते फ्रीजमध्ये एक-दोन दिवस उघडं, ताटलीवर ठेवा. वरून कोरडं पडेल. कोरडंच हवं आहे.

का? पाणी शंभर अंशांवर उकळतं. मांसाचा रंग बदलून तो खमंग तपकिरी पापुद्रा येतो त्याला साधारण एकशे चाळीसच्या वर उष्णता लागते. वर ओल आहे तोवर ती सगळी उष्णता पाणी उडवण्यात जाते आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. हे लुई कामिय मायार नावाच्या फ्रेंच माणसानं १९१२ साली मांडलेल्या रसायनाचं काम. भाकरीचा करपट डाग, भाजलेला शेंगदाणा, कॉफी, सगळीकडे तेच. आपल्या आया भाकरीला पाणी लावून ते सुकेपर्यंत थांबतात आणि मगच उलटतात. त्यांना मायार माहीत नव्हता. आणि हो, जोरात भाजल्यानं रस आत कोंडला जातो असं हॉटेलातले जुने लोक सांगतात, ते खरं नाही. रस थोडा जातोच. पापुद्रा चवीसाठी.

मिठाकडे नंतर येतो. मिठावरून आमचं भांडण आहे.

मसाला. इथं मला शिव्या बसणार आहेत. येसूर, काळं तिखट, आलं-लसूण, हे सगळं निखाऱ्यावर जळतं. येसुराची जागा रश्शात आहे आणि तिथं त्याला तोड नाही. भाजताना फक्त घाण्याचं करडईचं तेल, पुसल्यासारखं. लसूण, तिखट, लिंबू हे भाजून उतरवल्यावर. पपई लावणारे आहेत. कच्ची पपई मांस मऊ करते हे खरं, पण रात्रभर लावून ठेवली तर सकाळी हातात लगदा येतो. अर्धा तास पुरे, आणि कोवळं बोकड असेल तर तेवढीही नको.

लाकूड बाभळीचं. पऱ्हाट्या, तुराट्या भडकतात आणि विझतात, त्यांचा निखारा टिकत नाही. लिंबाचं लाकूड नको, धूर कडवट लागतो. एका बाजूला निखारे जाड पसरायचे, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. जाड बाजूवर रंग आणायचा, मग पातळ बाजूला सरकवून आत शिजू द्यायचं. चरबी ठिबकून जाळ उठला की घाबरून पाणी मारू नका, राख उडून मांसावर बसते. नुसता तुकडा बाजूला सरकवा. ज्यांच्याकडे अंगण उरलेलं नाही त्यांनी बिडाचा तवा घ्यावा. बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा, आपल्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. तो धूर येईस्तोवर तापवायचा, खिडकी उघडायची, आणि बायकोला आधी सांगून ठेवायचं.

दोन बोटं जाड चापाला एका बाजूला चारेक मिनिटं. पण घड्याळावर विसंबू नका. पाचशे-सहाशे रुपयांत टोचून बघायचा तापमापक मिळतो. हाडापासून दूर, मधोमध त्रेसष्ट अंश दाखवला की उतरवायचं आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. ही पाच मिनिटं आपल्या लोकांना सगळ्यात जड जातात. लगेच कापलं तर रस ताटात वाहतो. थांबलात तर बराचसा आत राहतो. खिमा असेल तर एकाहत्तर, कलेजीही तेवढीच. पोटाची काळजी असणाऱ्यांनी चापसुद्धा एकाहत्तरपर्यंत न्यावा, बिघडत नाही.

कलेजीवरून आठवलं. दुबईत मला नेहमी विचारायचे, "तू भाजणं कुठं शिकलास?" मी एक गोष्ट सांगायचो. आमच्याकडे कंदुरी असते. दर्ग्याजवळ, झाडाखाली, नवसाचं बोकड. सगळ्या जातीचे, दोन्ही धर्मांचे लोक जेवायला येतात. बाया नाहीत, पुरुषच शिजवतात. मोठ्या भगुन्यात रस्सा रटरटत असतो, आणि लेकरं भुकेनं किरकिर करतात म्हणून वडील कलेजीचा तुकडा काडीला टोचून निखाऱ्यावर धरतात. मीठ, आणि हातावर. मी म्हणायचो, तो माझ्या आयुष्यातला पहिला भाजलेला घास. लोकांना ही गोष्ट फार आवडायची. एका मासिकवाल्यानं छापलीही होती.

कंदुरी खरी आहे, वडिलांची कलेजी खरी आहे. पहिला घास, हे खोटं आहे.

दुबईत माझ्या शेजारच्या चुलीवर एक दक्षिण आफ्रिकेचा पोरगा होता. तो सुट्टीवरून आला आणि त्यानं मला कागदातून काळपट, वाळलेल्या मांसाच्या पट्ट्या दिल्या. बिल्टाँग म्हणतात त्याला. मीठ, व्हिनेगर, धने लावून वाळवलेलं मांस. मी एक तोंडात टाकली आणि चावता चावता थांबलो. ती चव मला माहीत होती. व्हिनेगर सोडलं, धने सोडले, तर ती चव मी सातवीत असताना, इथून चालत वीस मिनिटांवर खाल्ली होती.

आपल्या वर्गातला एक जण माझ्या बाकावर बसायचा. नाव घेत नाही, तो इथं बसला आहे. त्याचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, पश्चिमेकडे, कोयता घेऊन. आपल्या निम्म्या गावांची तीच कथा. तो आजीपाशी राहायचा. घर वस्तीत, गावाच्या बाहेरच्या अंगाला. मी त्याच्याकडे गणितं सोडवायला जायचो, कारण त्याचं गणित चांगलं होतं आणि माझं नव्हतं. घरी सांगायचो, शाळेतच थांबलो होतो. त्यांच्या दारात दोरीवर चान्या वाळत असायच्या. मांसाच्या लांब पातळ पट्ट्या, उन्हात कडक झालेल्या. आज ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांनी शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' वाचावं, २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर काय शिजत होतं ते त्यात आहे. मी ते पुस्तक वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वाचलं. चान्या मात्र बाराव्या वर्षी खाल्ल्या.

आजीनं चुलीतले निखारे पुढं ओढले, एक चानी त्यावर टाकली, बोटांनीच उलटली. ती फुगली, चरचरली, कडेनं काळी झाली. आजीनं ती पाट्यावर दगडानं ठेचली, धागे सुटे केले आणि भाकरीवर ठेवली. मला देताना हात आखडला तिचा. म्हणाली, "तुमच्यात चालतं का लेकरा? घरी काई म्हनायचे नाईत ना?" मी म्हटलं, चालतं. मी तीन खाल्ल्या. तो माझा पहिला भाजलेला घास, आणि तीस वर्षं चुलीपुढं उभं राहून सांगतो, त्याहून चांगलं भाजलेलं मी फार थोड्या वेळा खाल्लं आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेत कुणीतरी म्हणालं की मला वस्तीतून येताना पाहिलं. मला घाम फुटला. घरी कळलं तर काय होईल या भीतीनं माझ्या तोंडून निघालं, "मी कशाला जातो? त्यांच्या दोरीवर काय वाळतं माहितेय का?" आणि मी वर्णन केलं. सगळं. वासासकट. पुढं काय झालं ते तुमच्यातल्या काही जणांना आठवत असेल. त्याला कोणत्या नावानं हाक मारायला लागले ते आठवत असेल. ते नाव मी ठेवलेलं आहे. तुम्ही नाही, मी. तो दुसऱ्या बाकावर गेला, मधल्या सुट्टीत लिंबाखाली एकटा भाकरी खायला लागला. दहावीपर्यंत तीन वर्षं. मी खाल्लं होतं हे त्यानं एकदाही कुणाला सांगितलं नाही. त्याच्या हातात होतं ते. एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं.

सर, तुम्ही फोनवर सहज म्हणालात, बोलण्यानं विटाळ होत नाही. मला त्या रात्री झोप आली नाही.

मागच्या महिन्यात मी त्याचा नंबर मिळवला. तो एस.टी.त ड्रायव्हर आहे, घरी बायको आणि मुलगा पंचवीस-तीस उस्मानाबादी शेळ्या सांभाळतात. आजी १९९४ ला गेली. मी फोनवर माफी मागायला लागलो. त्यानं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, "मला काहून सांगतो? मला ठाव हाय. ज्यांना ठाव नाई त्यांना सांग." म्हणून हा विषय. संयोजकांना मी अर्धाच सांगितला होता, त्याबद्दल त्यांची माफी मागतो.

त्यानं मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही.

नंतर मात्र आम्ही अर्धा तास बोललो, आणि ते सगळं मिठावर. मी म्हटलं, मी पोरांना शिकवतो की मीठ एकतर निखाऱ्यावर ठेवायच्या अगदी क्षणी लावा, नाहीतर निदान पाऊण तास आधी. मधल्या वेळेत लावलं तर ते मांसातलं पाणी वर ओढतं, पृष्ठभाग ओला होतो आणि रंग येत नाही. पाऊण तासानं तेच खारं पाणी परत आत मुरतं. त्याला हे पटलं. पण मी किलोला बारा ग्रॅम म्हटलं, म्हणजे चहाचे सपाट दोन चमचे, तर तो हसला. म्हणाला, "आजी मीठ लावायची ते चव म्हनून नाई. आन् चमच्यानं तर नाईच." मी विचारलं, मग कसं? तर म्हणाला, ती पट्ट्या कापतानाच पातळ कापायची, आरपार उजेड दिसावा इतक्या. मग मीठ थोडं लागतं, काम ऊन करतं. जाड कापलं तर कितीही मीठ घाला, आत ओल राहते आणि वास धरते. "तुम्ही लोक जाड कापता, म्हनून तुम्हाला एवढं मोजावं लागतं."

आम्ही लोक म्हणजे हॉटेलवाले, असा मी त्याचा अर्थ घेतला. तोच असेल असं नाही.

आज संध्याकाळी इथला कार्यक्रम संपला की गडाच्या हद्दीबाहेर, त्याच्या शेतावर बाभळीचा निखारा पडणार आहे. बोकड त्याच्या गोठ्यातलं, परवा कापलेलं, दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवलेलं; एवढं त्यानं माझं ऐकलं. चाप मी भाजणार आहे. पण त्याच बोकडाच्या मांडीच्या काही पट्ट्या त्यानं परवापासून दोरीवर टाकल्या आहेत, पातळ, आजीच्या हातासारख्या. त्या तो भाजणार आहे, मला हात लावू देणार नाही असं त्यानं आधीच बजावलंय. दोरी दारातच बांधली आहे, रस्त्याच्या बाजूनं. माळकऱ्यांसाठी हुरडा आहे, त्याची आगटी वेगळी केली आहे. सर, गुळभेंडीच मिळवली आहे, या वर्षी फार कमी ठिकाणी पेरली होती.

सात वाजता निघू. टमटम दोन सांगितल्या आहेत. ज्यांना रस्ता माहीत नाही त्यांनी माझ्यामागं या, मला तो अजून पाठ आहे.